बारा ल्युमेनचा सिनेमा

दादासाहेब फाळक्यांनी विमा पॉलिसी गहाण टाकून लंडन गाठलं, विल्यमसन कॅमेरा मागवला, दादरला बिऱ्हाड हलवलं आणि ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, हे आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. त्याच्या आधीचं वर्ष मात्र सगळे भराभर उरकतात. घरी प्रोजेक्टर करायच्या आपल्या खटाटोपाला उपयोगी आहे ते नेमकं तेच वर्ष.

१९११ च्या ईस्टरच्या सुमारास गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये फाळक्यांनी ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा चित्रपट पाहिला. त्यानंतर त्यांना दुसरं काही सुचेना. परदेशी कॅटलॉग, पुस्तकं, सुटं सामान असं जे मिळेल ते ते गोळा करत सुटले. एक छोटा कॅमेरा आणि काही रिळं हाती आल्यावर रात्री घरात मेणबत्ती लावायची, तिचा उजेड भिंगावर घ्यायचा आणि फिल्मवरचं चित्र भिंतीवर पाडून बघत बसायचं, असा क्रम सुरू झाला. शिवाय रोज चार-पाच तास चित्रपट पाहणं चालूच होतं. झोप उडाली, प्रकृती खचली आणि शेवटी डोळेच गेले. डॉ. प्रभाकर नावाच्या नेत्रतज्ज्ञांनी उपचार केले, तीन-चार चष्मे दिले, तेव्हा कुठे दृष्टी परत आली. डोळ्यांचा सगळा दोष एकट्या मेणबत्तीच्या माथी मारणं योग्य होणार नाही. पण मेणबत्तीच्या उजेडात भिंतीवरचं चित्र न्याहाळणं म्हणजे काय, हे एकदा आकड्यांत मांडून बघण्यासारखं आहे.

उजेड मोजायचं एकक ल्युमेन. एका साध्या मेणबत्तीतून चहूबाजूंना मिळून साधारण साडेबारा ल्युमेन उजेड बाहेर पडतो. त्यातला बहुतेक छताकडे, जमिनीकडे आणि बघणाऱ्याच्या तोंडावर जातो. ज्योतीजवळ चांगलं जाड भिंग धरलं, तर विसावा हिस्सा फिल्मच्या दिशेने वळवता येतो, म्हणजे अर्ध्या ल्युमेनच्या थोडा वर. तो दोन फूट रुंद चित्रावर पसरला की भिंतीवर दोनेक लक्स पडतात, तेही फिल्म कोरी असती तर. एका चौरस मीटरवर एक ल्युमेन पडला की तो एक लक्स. पौर्णिमेच्या चांदण्यात अंगणात पाव लक्स असतो आणि जुन्या-नव्या कुठल्याही धड चित्रपटगृहाच्या पांढऱ्या पडद्यावर दीडशेच्या आसपास. फाळक्यांचा घरचा सिनेमा या दोहोंमध्ये होता, आणि चांदण्याच्या बराच जवळ.

आता खिशातला फोन काढा. पडदा साधारण चौदा सेंटिमीटर लांब, साडेसहा रुंद. उजळपणा पूर्ण चढवला आणि पडदा पांढराशुभ्र ठेवला, तर मध्यम किमतीच्या फोनमधून जेमतेम चौदा ल्युमेन बाहेर पडतात. शंभरहून अधिक वर्षं झाली, तंत्रज्ञान कुठल्या कुठे गेलं, आणि घरी प्रोजेक्टर करायला बसणाऱ्या मुलाच्या हातात उजेड आहे तो फाळक्यांच्या मेणबत्तीएवढाच. या खटाटोपातली मेख इथेच आहे. चित्र मिळवणं आता फुकट झालं आहे, भिंग स्वस्त आहे, खोकं तर रद्दीवालाही देईल. सगळी मारामारी उजेडाची.

आधी फोनचाच प्रोजेक्टर करू, कारण त्यात वीज नाही, उष्णता नाही आणि बिघडण्यासारखं काही नाही.

चांगल्या मोठ्या बुटांचं खोकं घ्या आणि आतून काळा कागद चिकटवा. काळा रंग दिला तरी चालेल, पण चकचकीत नको. एका टोकाला गोल भोक पाडून त्यात बहिर्गोल भिंग बसवायचं. भिंगासाठी चोरबाजारात मटन स्ट्रीटवर पायपीट करायला हरकत नाही. जुन्या कॅमेऱ्यांच्या आणि दुर्बिणींच्या अवशेषांत कधी कधी सुंदर काच मिळते. सोपा मार्ग मात्र चष्म्याच्या दुकानातून जातो. तिथे ‘प्लस पाच’ नंबरची काच मागा. तिचं नाभीय अंतर वीस सेंटिमीटर असतं, कारण चष्म्याचा नंबर म्हणजे शंभर भागिले सेंटिमीटरमधलं नाभीय अंतर, बाकी काही नाही. घरात चाळिशीचे दोन जुने चष्मे अडीच नंबरचे पडून असतील, तर त्यांच्या काचा एकमेकींवर ठेवल्या तरी पाच होतात.

फोन भिंगाकडे तोंड करून उभा ठेवायचा, आणि तो पुढे-मागे सरकवता यायला हवा. किती? चित्र जितके पट मोठं हवं, त्यात एक मिळवून नाभीय अंतराने गुणलं की भिंगापासून भिंतीचं अंतर मिळतं. चौदा सेंटिमीटरचा फोन एक मीटर रुंद दिसायला हवा, म्हणजे सात पट. आठ गुणिले वीस, १६० सेंटिमीटर, सव्वापाच फूट. त्या वेळी फोन भिंगापासून २३ सेंटिमीटरवर येतो. गिरगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीत खोकं एका भिंतीला आणि चित्र समोरच्या भिंतीवर असा बेत केला, तर चित्र दोन मीटर रुंद होईल. उजेड मात्र वाढत नाही. रुंदी दुप्पट झाली की क्षेत्रफळ चौपट होतं आणि तेवढाच उजेड चौपट जागेत विरतो. मोठ्या चित्राची हौस सगळ्यांनाच असते. या खोक्यापुरती ती आवरावी.

एक मीटरच्या चित्रावर प्रत्यक्ष किती उजेड पोचतो? भिंग पाच सेंटिमीटर व्यासाचं असेल, तर फोनच्या चौदा ल्युमेनपैकी शंभरातला एक-सव्वा भागच भिंगात शिरतो. बाकीचा खोक्याच्या काळ्या कागदात मुरतो. भिंतीवर एक तृतीयांश लक्स, म्हणजे चांदण्यापेक्षा थोडा बरा. खोली खरोखर अंधारी केली आणि डोळ्यांना दहा मिनिटं सवय होऊ दिली, तर चित्र दिसतं आणि रंगही ओळखू येतात. खिडकीतून रस्त्यावरच्या दिव्याची एक तिरीप आली की खेळ संपला. मोठं भिंग घेतलं तर उजेड वाढतो, पण एकाच काचेचं भिंग कडांशी चित्र धुरकट करतं. भिंगापुढे बारीक भोकाचा पुठ्ठा धरला तर कडा सुधारतात आणि उजेड पळतो. एक मिळवा, दुसरं गमवा.

याच टप्प्यावर एक गंमत घडते आणि बहुतेकांना ती कळत नाही. चित्र उलटं पडतं, डोकं खाली पाय वर. ते अपेक्षित असतं. फोन उलटा ठेवला की माणसं सरळ उभी राहतात. मग पडद्यावर नावं येतात आणि ती आरशात वाचल्यासारखी उजवीकडून डावीकडे धावतात. कारण असं की, सिनेमाची फिल्म पारदर्शक असते, तिच्या मागून उजेड येतो आणि ती कोणत्या बाजूने लावायची हे आपल्या हातात असतं. फोनला मागची बाजूच नाही. त्याचं तोंड भिंतीकडे असतं आणि आपणही भिंतीकडेच बघत असतो, म्हणजे आपण त्याच्या पाठीमागे बसलेलो असतो. भिंगाने चित्र कितीही फिरवलं तरी ही डाव्या-उजव्याची अदलाबदल जात नाही. उपाय दोन. चित्र आरशासारखं पलटून दाखवणारं ॲप वापरा, किंवा खोक्यात पंचेचाळीस अंशांत आरसा बसवा.

तिसराही एक उपाय आहे, आणि तो गिरगाव-लालबागच्या जुन्या लोकांना लगेच पटेल. गणपतीच्या दिवसांत रस्त्यावर पांढरा पडदा बांधून १६ मिलिमीटरचे सिनेमे दाखवले जायचे तेव्हा पुढची जागा भरली की उरलेली मंडळी पडद्याच्या मागे बसायची. चित्र तिथेही दिसायचं, फक्त उलटं. नायक डाव्या हाताने तलवार चालवायचा आणि श्रेयनामावली कुणालाच वाचता यायची नाही. (कोण वाचतं म्हणा.) फोनच्या खोक्यापुढे पातळ पांढरा कपडा टांगला, तर नेमकं उलट होतं. खोक्याच्या बाजूला बसलेल्यांना उलटं दिसतं आणि पडद्यामागच्या मंडळींना सुलटं. मागच्या रांगेची इतक्या वर्षांची तक्रार बुटाच्या खोक्याने मिटवली असं म्हणायला हरकत नाही.

आता उजेडाकडे वळू. एवढे चौदा ल्युमेन असून त्यातले शंभरातले नव्याण्णव वाया का जातात? फोनपुढे आणखी एक भिंग लावून ते गोळा करता येणार नाहीत का? नाही येणार. उजेड जिथून निघतो ती जागा जितकी पसरट, तितका तो एकवटणं अवघड. फोनचा उजेड ९० चौरस सेंटिमीटरवर पसरलेला आहे. मेणबत्तीची ज्योत बोटाच्या पेराएवढी, त्यामुळे तिच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून फोनच्या दहा-वीस पट प्रकाश निघतो. एकूण ल्युमेन सारखेच असूनही फाळक्यांची ज्योत आपल्या फोनपेक्षा प्रोजेक्टरला लायक होती. भिंगांना भरपूर उजेड लागत नाही, दाट उजेड लागतो. हा प्रकाशशास्त्राचा पक्का नियम आहे आणि कुठल्याही जुगाडाने तो मोडत नाही.

चित्रं भिंतीवर पाडणाऱ्यांची पुढची-मागची सगळी धडपड या दाट उजेडासाठी झाली. फाळक्यांच्या आधी, १८९० च्या दशकात, कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन आपल्या मुलांना घेऊन ‘शांबरिक खरोलिका’चे खेळ करत. काचेवर हातांनी रंगवलेली चित्रं, ती हलवण्याच्या नाना क्लृप्त्या आणि त्यांच्यामागे दिवा. ७ जुलै १८९६ ला काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलचित्रं दाखवली गेली, एक रुपया तिकीट लावून. चित्र हलायला लागलं, तरी दिव्याचा प्रश्न तसाच राहिला. वीज नसेल तिथे चुन्याच्या कांडीवर वायूची ज्योत सोडून ती पांढरीफेक तापवत, नाहीतर ईथर आणि ऑक्सिजनचे दिवे वापरत. ४ मे १८९७ ला पॅरिसच्या एका धर्मादाय बाजारात असाच ईथरचा दिवा भरताना भडका उडाला आणि सव्वाशेच्या आसपास माणसं गेली. त्यातून त्या काळची फिल्म नायट्रेटची, एका ठिणगीने पेटणारी. फाळके तसल्या फिल्मजवळ मेणबत्ती घेऊन रात्र-रात्र बसत होते, हे आठवलं की घर शाबूत राहिलं याचंच नवल वाटतं.

थिएटरांनी नंतर कार्बनच्या कांड्या स्वीकारल्या. दोन कांड्यांच्या टोकांमध्ये विजेची ठिणगी सतत जळत ठेवायची, आणि ती जागा हरभऱ्याएवढी. कांड्या जळून आखूड होत, म्हणून ऑपरेटरला अंतर सारखं राखावं लागे. डुलकी लागली की पडदा अंधारायचा आणि खालून शिट्ट्या सुरू. पुढे झेनॉनचे दिवे आले तेव्हा हे काम गेलं.

घरी काम करणाऱ्याला कार्बन आणि झेनॉन दोन्ही वर्ज्य. आधीच्या पिढीतले हौशी लोक रस्त्यावरच्या दिव्यांत असायचा तसा मेटल हॅलाइडचा बल्ब वापरत. तो तापतो, अतिनील किरण सोडतो आणि लागायला वेळ घेतो. आता त्याच्या नादी लागायचं कारण उरलेलं नाही. १०० वॅटचा सीओबी एलईडी, म्हणजे बारीक बारीक दाणे एका पत्र्यावर दाटीने बसवलेली चौकोनी चकती, लॅमिंग्टन रोडवर काउंटरवरच मिळते. उजेडाची जागा जेमतेम एक इंच. साधारण ३० ते ३४ व्होल्ट आणि ३ अँपिअर लागतात. दुकानदार पहिलं विचारतो, ड्रायव्हर आहे का? तो घ्यायचाच, आणि विद्युतप्रवाह स्थिर ठेवणारा घ्यायचा. जुन्या अडॅप्टरवर एलईडी लावून बघण्याचा मोह फार जणांना होतो. एलईडी तापला की जास्त प्रवाह ओढतो, जास्त ओढला की आणखी तापतो, आणि मग एक निळसर लुकलुक होऊन शांत होतो.

१०० वॅटमधले साठ-सत्तर वॅट निव्वळ उष्णता होऊन बाहेर येतात, म्हणून हीटसिंक लागतो. त्याच रस्त्यावर जुन्या संगणकाच्या प्रोसेसरवरचा पंख्यासकटचा हीटसिंक मिळतो, तो या कामाला उत्तम. मध्ये थर्मल पेस्टचा पातळ थर द्यावा. मे महिन्यात मुंबईच्या खोलीत हवाच ३३-३४ अंशांवर असते, तेव्हा पंख्यात काटकसर नको.

चित्रासाठी एलसीडी काच. गाडीत लावायचा सात इंची पडदा किंवा टॅब्लेटचा पॅनेल आणि त्याला एचडीएमआयने जोडणारं बोर्ड असं मिळून येतं. पॅनेलच्या मागचा पांढरा दिवा आणि त्यापुढचे दुधी पापुद्रे हलक्या हाताने काढायचे. उरते ती पारदर्शक काच, फाळक्यांच्या फिल्मच्या जागी. काढताना कडेची पिवळसर रिबन दुमडली तर पॅनेल गेला म्हणून समजा. त्याला इलाज नाही. ही काच पारदर्शक असल्यामुळे मघाचा डाव्या-उजव्याचा घोळ इथे आपोआप सुटतो. तोंड दिव्याकडे आणि डोकं खाली करून बसवली की भिंतीवर अक्षरं सरळ.

मग भिंगं. एलईडीचा उजेड सात इंची काचेवर सारखा पसरवायचा आणि पलीकडे पुन्हा गोळा करून पुढच्या भिंगात घालायचा, यासाठी दोन मोठी भिंगं लागतात. एवढी मोठी काचेची भिंगं विटेसारखी जड आणि महाग. ओग्युस्तँ फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्याने १८२० च्या दशकात दीपगृहांसाठी यावर तोड काढली. भिंगाचं काम फक्त त्याचा वळणदार पृष्ठभाग करतो, आतली जाडी नुसतं ओझं. तेव्हा पृष्ठभागाच्या कड्या-कड्या कापून एका सपाट पातळीवर मांडल्या की झालं. आज ते प्लास्टिकच्या पत्र्यावर गोल खाचा पाडून बनवतात. पहिल्या पत्र्याच्या नाभीवर एलईडी, दुसऱ्याच्या नाभीवर प्रोजेक्शनचं भिंग आणि दोन पत्र्यांच्या मध्ये एलसीडी. खाचांची बाजू दोन्हीकडून एलसीडीकडे. पत्रे काचेला चिकटवू नयेत, दोन-तीन सेंटिमीटर लांब ठेवावेत, नाहीतर नायिकेच्या चेहऱ्यावर खाचांची वर्तुळं उमटतात.

ही सगळी भिंगं एका जागी मिळण्याचं ठिकाण आहे: ओएचपी, म्हणजे ओव्हरहेड प्रोजेक्टर. पारदर्शक प्लास्टिकवर लिहून भिंतीवर दाखवायचं ते यंत्र नव्वदच्या दशकात कॉलेजात शिकलेल्या प्रत्येकाला आठवेल. त्याच्या काचेखाली एक फुटाचा फ्रेनेल पत्रा असतो. तो अनेकदा दोन पत्रे जोडून केलेला असतो आणि सोडवला तर दोन भिंगं हाती येतात. वरच्या मानेत तीसेक सेंटिमीटर नाभीय अंतराचं अनेक काचांचं भिंग असतं, कडांपर्यंत स्वच्छ चित्र देणारं. एक ओएचपी मिळाला की प्रोजेक्टरचं निम्म्याहून अधिक काम झालं. तीस सेंटिमीटरच्या भिंगाने सात इंची काच दहा फुटांवरच्या भिंतीवर पावणेपाच फूट रुंद दिसते. चाळीच्या खोलीला याहून मोठा पडदा सोसवतही नाही.

इतकं केल्यावर उजेडाचं काय होतं ते बघा. स्वस्तातला १०० वॅटचा एलईडी ८,००० ल्युमेन देतो असं धरू. पहिल्या पत्र्यावर त्यातला तिसरा हिस्सा येतो, सुमारे २,७००. एलसीडी काच फार खादाड. तिच्यावरचा ध्रुवण पापुद्रा अर्धा उजेड खातो, लाल-हिरवे-निळे रंगांचे ठिपके उरलेल्यातला दोन तृतीयांश खातात आणि ठिपक्यांमधल्या बारीक तारा आणखी. पलीकडे शंभरातले सहा जातात, म्हणजे १६० ल्युमेन. पुढचा पत्रा आणि भिंग यांनी आपला वाटा घेतला की भिंतीवर शंभरेक पोचतात. आठ हजारांतले शंभर! पण त्या पावणेपाच फुटी चित्रावर हे शंभर ल्युमेन म्हणजे ऐंशी-नव्वद लक्स, थिएटरच्या निम्म्याहून थोडे जास्त. अंधाऱ्या खोलीत चार माणसांनी आरामात सिनेमा बघावा इतके. एलसीडीने खाल्लेला उजेड तिच्याच अंगात उष्णता होऊन साठतो. म्हणून एलईडीला एक पंखा असला तरी काचेवरून वारा घालणारा दुसरा हवाच. नाहीतर तासाभरात चित्राच्या मध्यावर एक काळपट डाग धरतो आणि तो जात नाही.

पडद्यावर खर्च करू नये. हिंदमाताच्या कापडबाजारात पडद्याला आतून लावायचं जाड पांढरं अस्तर मिळतं, तेवढं पुरे. त्याहून स्वस्त म्हणजे फ्लेक्स. वाढदिवस आणि सणवार उलटून गेल्यावर लालबाग-परळमध्ये उतरवलेले फ्लेक्स कुठल्याही मंडळाच्या माळ्यावर असतात. मागची बाजू कोरी, सपाट आणि बिनसुरकुत्यांची. पुढच्या बाजूला कोणाचा चेहरा आहे याची चिंता करू नका, मागून उजेड नसेल तर तो आरपार दिसत नाही.

आता व्यवहाराचं. बाजारात पाच-सात हजारांत जे छोटे तयार प्रोजेक्टर मिळतात, ते उघडून बघितले तर आत हेच असतं: एलईडी, फ्रेनेल, एलसीडी, फ्रेनेल, भिंग. खोक्यावर हजारो ल्युमेन छापलेले असतात. तो बहुधा दिव्याचा आकडा. पडद्यावर पोचलेला उजेड मोजायची मान्य पद्धत, ‘एएनएसआय’ची, वेगळी आहे. पांढऱ्या चित्राचे नऊ भाग करायचे, प्रत्येकाच्या मध्यावर लक्स मोजायचे, सरासरी काढून क्षेत्रफळाने गुणायचं. जाहिरातीत ‘एएनएसआय’ हा शब्द नसेल, तर आकडा सोडून द्यावा. पैसे वाचवायचे म्हणून मात्र घरी प्रोजेक्टर करू नका. सुटे भाग, एक जळालेला एलईडी, एक फाटलेली रिबन आणि पायपीट धरली तर हिशोब तयार यंत्राच्या वर जातो. क्रिकेटची मॅच बघायची असेल तर सरळ टीव्ही बघावा.

मग करायचं कशाला? फाळक्यांनी केलं त्यासाठी. त्यांच्या मेणबत्तीने कुणाचं मनोरंजन होणार नव्हतं. चित्र हलतं कसं, भिंतीवर मोठं होतं तेव्हा त्यात काय उरतं आणि काय जातं, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. तयार रिळं थिएटरात बघून ते कळत नाही. १ फेब्रुवारी १९१२ ला ते लंडनला निघाले, एप्रिलच्या पहिल्या तारखेला परतले आणि मागवलेला कॅमेरा मे महिन्यात आला तेव्हा नकाशा बघून चार दिवसांत त्यांनी तो जोडला. हात आधीच बसलेला होता. मग वाटाण्याचं रोप उगवताना महिनाभर थोडं थोडं चित्रित करून त्यांनी ‘अंकुराची वाढ’ केली. कोरी फिल्म बिनभोकांची येत असे. दादरच्या घरात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई अंधारात बसून तिला भोकं पाडत. ३ मे १९१३ ला गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तो अशा घरकामावर उभा होता. पुढे कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८ मध्ये अख्खा कॅमेराच घडवला आणि त्याच्यावर ‘सैरंध्री’ काढला. मराठी चित्रपटाच्या पायाशी सुटे भाग हाताळणारी माणसं फार आहेत. त्यांचे पुतळे झाले, यंत्रं उघडून बघण्याची त्यांची खोड मात्र आपण फारशी उचलली नाही.

करायला बसणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगून ठेवतो. जळत्या एलईडीकडे उघड्या डोळ्यांनी क्षणभरही पाहू नका, आणि २३० व्होल्टच्या बाजूची जोडणी जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. भिंगं पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा. मुंबईच्या दमट हवेत काचेवर बुरशी धरते आणि ती काच खाते.

शेवटची विनंती शाळा-कॉलेजांना, विशेषतः दादर-परळकडच्या. तुमच्या प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत, नकाशांच्या गुंडाळ्यांमागे, दोन-चार ओएचपी धूळ खात असतील. भंगारवाला ते किलोवर उचलतो आणि आतल्या भिंगाला प्लास्टिकचाच भाव देतो. ते त्याच्या हातगाडीवर चढवण्याआधी आठवी-नववीच्या मुलांपुढे एक स्क्रूड्रायव्हर ठेवून द्या.